युरोपीय संसद: सातशे वीस खासदार, चोवीस भाषा आणि एक न मिळालेला हक्क

चाफेकळी | २९ मार्च, रात्री ९.४०

ऱ्हाइन नदीच्या एका काठाला जर्मनीतलं केल, जिथे मी राहते, आणि समोरच्या काठाला फ्रान्सचं स्ट्रासबर्ग. मधल्या पुलावरून ट्राम जाते. एरवी ट्राममध्ये भाजी-किराण्याच्या पिशव्या असतात. चाकांच्या बॅगा आणि गळ्यात ओळखपत्रं दिसायला लागली की समजायचं, युरोपीय संसदेचं अधिवेशन भरलंय.

मागच्या अधिवेशनात तिसऱ्यांदा प्रेक्षक सज्जात बसून आले. ऑफिसातले सहकारी म्हणतात, तिथे नुसत्या गप्पा चालतात. इथेही पूर्वी कुणीतरी 'दात नसलेली संसद' म्हटलेलं आठवतं. मला ते मनापासून पटत नाही, म्हणून हा धागा.

सज्जात प्रत्येक खुर्चीला हेडफोन असतो, आपापली भाषा निवडायची. एक फिनिश खासदार बोलत होते आणि बोलता बोलता त्यांनी काहीतरी विनोद केला. आधी दोघं-तिघंच हसले. मग तीन-चार सेकंदांनी मधला मोठा घोळका हसला, आणि तोही शांत झाल्यावर पार उजवीकडचा कोपरा. फिनिशमधून इंग्रजीत, इंग्रजीतून आणखी कुठल्या भाषेत, असा तो विनोद सभागृहभर फिरत गेला. मी त्या हसण्याकडेच बघत राहिले. युरोपीय संघातल्या २७ देशांचे लोक एका खोलीत बसून एकमेकांचं ऐकतायत, आणि प्रत्येक जण आपल्या भाषेत बोलतोय. ही साधी गोष्ट नाही. ज्या ऱ्हाइनवरून मी रोज जाते, तिच्या दोन्ही काठांनी सत्तर वर्षांत तीन युद्धं लढलेली आहेत.

आता बसण्याची व्यवस्था. जर्मन एकीकडे, फ्रेंच दुसरीकडे असं काही नसतं. अर्धवर्तुळात सगळे बसतात ते विचारांच्या गटांनुसार. पोलंडचा उजवा इटलीच्या उजव्याशेजारी, स्पेनची समाजवादी स्वीडनच्या समाजवाद्याशेजारी. गट बांधायला किमान २३ खासदार लागतात आणि ते किमान सात देशांतले असावे लागतात, म्हणजे एका देशाचे लोक कितीही असले तरी त्यांचा स्वतःचा गट होत नाही. जून २०२४ च्या निवडणुकीनंतर आठ गट झाले. सगळ्यात मोठा युरोपियन पीपल्स पार्टीचा, सुरुवातीला १८८ जणांचा. ७२० च्या सभागृहात बहुमताला ३६१ लागतात, म्हणजे एकट्याच्या बळावर कुणाचंच भागत नाही. कायमचा सत्ताधारी बाक नाही आणि कायमचा विरोधी बाकही नाही. दर कायद्याला बहुमत नव्याने जुळवावं लागतं.

मतदानाची वेळ बघण्यासारखी असते. एकामागून एक दुरुस्त्या पुकारल्या जातात, हात वर होतात, खाली येतात, अध्यक्ष निकाल सांगून पुढच्या आकड्यावर. प्रत्येकाच्या पुढ्यात गटाने तयार केलेली यादी असते, अधिक-उणेच्या खुणा केलेली. तरीही पुढच्या रांगेतला गटाचा एक जण दर वेळी अंगठा वर किंवा खाली करून दाखवतो. बहुतेक जण तो बघतात. काही जण बघतात आणि उलट मत देतात. त्यांचं पद जात नाही.

इतिहास थोडक्यात. १९५२ मध्ये युरोपीय संघाचं मूळ असलेल्या कोळसा-पोलाद समुदायाची ७८ जणांची सभा होती, सदस्य आपापल्या देशांच्या संसदांनी पाठवलेले. लोकांनी थेट निवडून दिलेली पहिली संसद जून १९७९ मध्ये आली, नऊ देशांचे ४१० सदस्य. त्या वर्षी जुलैत पहिल्या बैठकीचं उद्घाटन ज्येष्ठ सदस्य म्हणून ८६ वर्षांच्या लुईझ वाइस यांनी केलं, आणि अध्यक्षपदी निवडल्या गेल्या सिमोन वेल, ज्या औशवित्झच्या छळछावणीतून जिवंत परतल्या होत्या. स्ट्रासबर्गच्या इमारतीला आज लुईझ वाइस यांचंच नाव आहे. आणि ही नवी संसद गप्प बसली नाही. त्याच डिसेंबरात तिने पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक फेटाळून लावलं. मार्च १९९९ मध्ये जाक सांतेर यांच्या आयोगातला (आयोग म्हणजे संघाचा कारभार चालवणारं मंडळ) गैरकारभार तिने लावून धरला आणि शेवटी अख्ख्या आयोगाला राजीनामा द्यावा लागला. आज युरोपीय संघाचे बहुतेक कायदे ही संसद आणि देशांच्या मंत्र्यांची परिषद, अशा दोघांनी मिळून मंजूर केल्याशिवाय होत नाहीत.

एक हक्क मात्र तिला अजून नाही. विधेयक मांडायचा. ते फक्त आयोग मांडतो. संसद आयोगाला विनंती करू शकते, एवढंच.

प्रश्न विचारा, जमेल तेवढी उत्तरं देईन.

निवृत्त मास्तर | ३० मार्च, सकाळी ७.१५

ताई, उत्तम लिहिलंत. सातारा जिल्ह्यात एकतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, पण या संसदेवर पाठ्यपुस्तकात दोन ओळींपलीकडे काही नसायचं.

माझा प्रश्न जागावाटपाचा. कुठल्या देशाला किती जागा, हे कशावर ठरतं? लोकसंख्येवर ठरत असेल तर लहान देशांना विचारतो कोण? आणि लोकसंख्येवर ठरत नसेल तर 'एक व्यक्ती, एक मत' या तत्त्वाचं काय? आपल्याकडे मतदारसंघ पुनर्रचनेवरून दक्षिणेतली राज्यं जे बोलताहेत, त्याच्याशी हे जवळचं वाटतं.

चाफेकळी | ३० मार्च, दुपारी १.०५

मास्तर, अगदी नेमका प्रश्न. युरोपीय संघाच्या करारातच लिहिलंय की कुठल्याही देशाला सहाहून कमी नाही आणि ९६ हून जास्त नाही. मधल्यांना लोकसंख्येप्रमाणे, पण चढत्या लोकसंख्येला घटत्या दराने. सध्या जर्मनीला ९६, फ्रान्सला ८१, इटलीला ७६, स्पेनला ६१, पोलंडला ५३. खालच्या टोकाला माल्टा, लक्झेंबर्ग आणि सायप्रस, प्रत्येकी सहा. माल्टात एका खासदारामागे नव्वद हजारांच्या आसपास माणसं येतात, जर्मनीत पावणेनऊ लाखांच्या आसपास. म्हणजे जवळपास दहापट फरक.

जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००९ मध्ये संघाच्या लिस्बन करारावरच्या निकालात याच मुद्द्यावर बोट ठेवलं होतं, की मतांचं मूल्य समान नसेल तर ही संसद एका सार्वभौम जनतेची प्रतिनिधी म्हणता येणार नाही. मला तो आक्षेप समजतो. तरीही लोकसंख्येचं सरळ गणित लावलं तर माल्टाला एखादीच जागा उरेल. मग माल्टातला समाजवादी आणि माल्टातला उजवा, दोघांपैकी एकालाच जागा. सहा असल्या की देशातले निरनिराळे विचार तिथे पोहोचतात. सध्याच्या अध्यक्षा रोबेर्ता मेत्सोला त्याच माल्टाच्या आहेत.

बेल्जियमचं एक उदाहरण मला फार आवडतं. देशाच्या २२ जागा, आणि त्यातली एक पूर्वेकडच्या जर्मनभाषकांसाठी राखून ठेवलेली. हे लोक जेमतेम ऐंशी हजारांच्या आत.

निवृत्त मास्तर | ३० मार्च, दुपारी ४.३०

आभारी आहे. वाचून लगेच कागद-पेन्सिल घेतली. आपल्या लोकसभेत २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात एका खासदारामागे साडेतेवीस लाखांच्या जवळपास, उत्तर प्रदेशात २५ लाख, आणि लक्षद्वीपला ६४ हजारांमागे एक. टोकाचा फरक आपल्याकडे जास्तच आहे. मात्र आपल्याकडे लक्षद्वीप हा अपवाद, तिथे ते तत्त्वच आहे. शिवाय आपल्या राज्यांच्या जागांचं वाटप अजून १९७१ च्या जनगणनेवर थांबलेलं आहे. तिथे दर निवडणुकीआधी फेरआढावा होतो का?

चाफेकळी | ३० मार्च, सायंकाळी ६.१०

होतो. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडला तेव्हा ७५१ जागांच्या ७०५ झाल्या. ब्रिटनच्या ७३ पैकी २७ जागा, ज्या देशांना कमी मिळाल्या होत्या त्यांच्यात वाटल्या आणि बाकीच्या राखून ठेवल्या. मग २०२४ साठी लोकसंख्या बघून १५ वाढवल्या, म्हणून ७२०. भांडणं होतात, पण कुणाच्या ताटातलं काढून घ्यायचं नाही, शिल्लक आहे त्यातून वाढायचं, असा मार्ग निघाला.

कोरा कागद | ३० मार्च, रात्री १०.५०

धागा माहितीपूर्ण आहे, तरी मी असहमत.

जी संसद स्वतः विधेयक मांडू शकत नाही तिला संसद का म्हणायचं? लोकांनाही हे कळतं. १९७९ मध्ये ६२ टक्के लोकांनी मतदान केलं होतं, ते घसरत घसरत २०१४ मध्ये ४२.६ वर आलं. त्या वर्षी स्लोव्हाकियात फक्त १३ टक्के लोक मतदानाला गेले. शंभरातले तेरा! दर महिन्याला अख्खं बिऱ्हाड ब्रसेल्सहून स्ट्रासबर्गला हलवायचं, कागदपत्रांच्या पेट्या ट्रकने चारशेच्या वर किलोमीटर न्यायच्या आणि चार दिवसांनी परत आणायच्या. पैसा लोकांचा. आणि डिसेंबर २०२२ मध्ये लाचखोरीच्या आरोपांवरून संसदेच्या एका उपाध्यक्षांनाच अटक झाली, हे धाग्यात कुठेच नाही.

एवढ्या दूरच्या संसदेला लोक आपलं मानत नाहीत. मुंबईतून दिल्लीसुद्धा लांब वाटते.

चाफेकळी | ३१ मार्च, सकाळी ८.२०

अटकेचं लिहायला हवं होतं, मान्य. सज्जात माझ्याशेजारी बसलेल्या आजीबाईंनीही पहिला विषय तोच काढला होता.

स्ट्रासबर्गचंही तुमचं बरोबर आहे. बहुसंख्य खासदारांनाही ती ये-जा नकोच आहे. पण वर्षाला १२ अधिवेशनं स्ट्रासबर्गला भरवायची हे संघाच्या करारात लिहिलेलं आहे आणि ते बदलायला सगळ्या देशांची संमती लागते. फ्रान्स ती देणार नाही. म्हणजे बसायचं कुठे, हेसुद्धा या संसदेच्या हातात नाही. याचा मला रागच येतो.

मतदान मात्र २०१९ मध्ये ५० टक्क्यांवर गेलं आणि २०२४ मध्ये तिथेच टिकलं.

निवृत्त मास्तर | ३१ मार्च, सकाळी १०.००

विधेयक मांडण्याबद्दल थोडं बोलतो. आपल्या संसदेत खासदाराला खासगी विधेयक मांडायचा पूर्ण हक्क आहे. १९५२ पासून अशी किती विधेयकं कायद्यात उतरली? चौदा. शेवटचं १९७० मध्ये. हक्क कागदावर असणं आणि तो चालणं यात एवढं अंतर पडतं. शिवाय १९८५ पासून पक्षादेश मोडून मत दिलं तर आपल्याकडे सदस्यत्व जातं. ताईंनी लिहिलेली अंगठ्याची गोष्ट मी दोनदा वाचली. अंगठा दिसत असूनही उलट मत देता येणं, ही माझ्या लेखी लहान बाब नाही.

द्राक्षबाग | ३१ मार्च, दुपारी २.४५

निफाड तालुक्यातून लिहितोय. आमच्या बागेतला माल पंधरा-सोळा वर्षांपासून युरोपात जातो. ही संसद आम्हाला माहीत नव्हती, एमआरएल मात्र पाठ होता. एमआरएल म्हणजे फळात औषधाचा अंश जास्तीत जास्त किती चालेल ती मर्यादा.

२०१० चा हंगाम नाशिकमधला कुठलाही निर्यातदार बागायतदार विसरणार नाही. खरड छाटणीनंतर फुटी फार जोमात पळायला लागल्या की शेंडा आवरायला आणि काडीत घड बसायला आम्ही सीसीसी हे वाढ रोखणारं रसायन मारायचो. वर्षानुवर्षं मारत होतो. युरोपात त्याची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, आणि आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं. प्रयोगशाळेचा दाखला स्वच्छ, आणि तिकडे बंदरावर माल अडकला. आमचा एक कंटेनर त्यात होता. वडील रोज संध्याकाळी निर्यातदाराला फोन लावायचे, फोन संपला की ओट्यावर बसून राहायचे. त्या वर्षी माझ्या बहिणीचं लग्न पुढे ढकललं.

पुढे मी शोधत बसलो की ही मर्यादा ठरवली कुणी. पाया आहे २००५ चा ३९६ क्रमांकाचा कायदा, आणि त्याच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय, युरोपीय संसद आणि परिषद यांचा. कोरा कागद दादा, तुम्ही म्हणता लोकांना ती आपली वाटत नाही. आम्ही तिला मत देत नाही, पण आमच्या घराचं त्या वर्षीचं गणित तिच्याच कायद्याने बदललं. म्हणून ती कशी चालते ते मला समजून घ्यायचंय. तिथे असा कायदा घडतो कसा?

चाफेकळी | ३१ मार्च, रात्री ९.००

दादा, वडिलांचं वाचून थांबले थोडा वेळ.

कायदा असा घडतो. आयोगाचा मसुदा आला की तो संबंधित समितीकडे जातो, औषधांचा असेल तर मुख्यतः पर्यावरण समिती, शिवाय कृषी समितीचंही मत घेतात. समिती एका सदस्याला अहवालाचं काम देते. बाकीचे गट आपापला एकेक माणूस त्याच्यावर नजर ठेवायला नेमतात. मग दुरुस्त्यांचा पाऊस, कधी शेकड्यांनी, कधी हजारांनी. समितीत मत, मग अख्ख्या सभागृहात मत. शेवटी संसद, परिषद आणि आयोग तिघांची बंद दाराआड बोलणी. ही बंद दारं मला आवडत नाहीत, तिथे काय सोडलं आणि काय घेतलं हे लोकांना उशिरा कळतं. तरी शेवटचा मजकूर परत संसदेच्या मतालाच यावा लागतो.

आणि नाही म्हणायची ताकद. जुलै २०१२ मध्ये बनावट मालविरोधी आंतरराष्ट्रीय करार, ज्याला अ‍ॅक्टा म्हणत, संसदेने ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळला. बहुतेक देशांच्या सरकारांनी त्यावर सह्या केल्या होत्या, तरी युरोपात तो तिथेच संपला. तुमच्या विषयातलं तर अगदी अलीकडचं आहे. २०३० पर्यंत रासायनिक कीडनाशकांचा वापर निम्म्यावर आणायचा मसुदा आयोगाने आणला होता. २२ नोव्हेंबर २०२३ ला सभागृहाने तो पाडला. बाजूने २०७, विरोधात २९९, तटस्थ १२१. काही महिन्यांनी आयोगाने तो मागे घेतल्याचं जाहीर केलं. मला स्वतःला तो कायदा व्हायला हवा होता. पण ज्यांनी पाडला ते निवडून आलेले होते, आणि कुणी काय मत दिलं ते नावानिशी उघड आहे.

द्राक्षबाग | ३१ मार्च, रात्री ९.३५

म्हणजे आमच्यासाठी मर्यादा सैल झाली का?

चाफेकळी | ३१ मार्च, रात्री ९.५०

नाही. तो मसुदा तिथल्या शेतात किती फवारायचं याचा होता. बाहेरून येणाऱ्या मालाच्या अंशमर्यादा २००५ च्याच कायद्याने चालतात. एकेका औषधाचा आकडा आयोग ठरवतो, संसदेला त्यावर आक्षेप घेऊन तो अडवता येतो. तिथले बरेच खासदार उलट असं म्हणतात, की आमच्या शेतकऱ्याला जे औषध वापरायला बंदी आहे त्याचा अंश बाहेरच्या मालात तरी का चालवून घ्यायचा. म्हणजे कल कडक होण्याकडे आहे. हे आत्तापासून धरून चला.

दुभाषी | १ एप्रिल, सकाळी ११.२०

मी बेल्जियममध्ये रुग्णालयांत दुभाष्याचं काम करते, त्यामुळे भाषेपुरतं लिहिते. २४ भाषा म्हणजे ५५२ जोड्या. माल्टीजमधून थेट एस्टोनियनमध्ये करणारा माणूस क्वचितच मिळतो, म्हणून मध्ये इंग्रजी, फ्रेंच किंवा जर्मनचा टप्पा घेतात. चाफेकळीने ऐकलेलं उशिराचं हसू त्या टप्प्याचं.

जर्मन वाक्यात क्रियापद बरेचदा शेवटी येतं, आपल्या मराठीसारखंच. 'मी या प्रस्तावाला, सगळ्या अटींसकट, मनापासून' इथपर्यंत ऐकून दुभाष्याला कळत नाही की पुढे पाठिंबा येणार की विरोध. तो श्वास धरून थांबतो. ते थांबणं मला माझ्या कामातून चांगलं ओळखीचं आहे.

एक खंत मात्र आहे. माल्टीज बोलणारे पाच-सहा लाख, ती अधिकृत. कातालान बोलणारे त्यांच्या कितीतरी पट, पण ती अधिकृत नाही. स्पेनने २०२३ मध्ये मागणी केली, पण भाषा वाढवायला परिषदेत सगळ्या देशांचा होकार लागतो. आयरिशला पूर्ण दर्जा मिळायला २०२२ उजाडलं.

मांडवी | १ एप्रिल, रात्री ८.१५

मी मूळचा डिचोलीचा, पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन लिस्बनला आलो. ९ जून २०२४ ला कामासाठी पोर्तोला होतो. त्या निवडणुकीत पोर्तुगालने देशात कुठल्याही केंद्रावर मत द्यायची सोय केली होती, त्यामुळे एका शाळेत जाऊन तिथेच मत दिलं. अख्ख्या देशाची एकच यादी, जागा २१. रांगेत माझ्यापुढे एक मुलगी होती, पहिल्यांदा मत देणारी, आईला फोनवर विचारत होती चिठ्ठी कशी दुमडायची.

गोव्यात एक गैरसमज नेहमी ऐकतो. आंतोनियो कोश्ता, मडगावशी नातं असलेले आपले बाबूश, डिसेंबर २०२४ पासून 'युरोपियन कौन्सिल'चे अध्यक्ष आहेत. ते संसदेचं पद नव्हे. तिथे देशांचे प्रमुख बसतात. मंत्र्यांची परिषद ती आणखी वेगळी. आणि स्ट्रासबर्गलाच असलेली 'कौन्सिल ऑफ युरोप' तर युरोपीय संघाचीच नाही.

कोरा कागद | १ एप्रिल, रात्री ११.००

द्राक्षबाग यांचा प्रतिसाद वाचून माझा एक मुद्दा मी मागे घेतो, दूर असल्याचा. विधेयक मांडण्याच्या हक्काबाबत माझं मत तेच आहे. चाफेकळी, तुम्ही स्वतः तिथे मत देता का?

चाफेकळी | २ एप्रिल, सकाळी ७.५०

नाही. युरोपीय संघातल्या कुठल्याही देशाचा नागरिक जर्मनीत राहत असेल तर इथून मत देऊ शकतो. माझ्या मजल्यावरच्या रोमानियन शेजारणीने दिलं. जर्मनीने जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व मोकळं केलं, पण भारत ते देत नाही, आणि भारतीय पासपोर्ट सोडायला माझं मन तयार होत नाही. इथे जर्मनीत सोळाव्या वर्षी युरोपीय मत मिळतं. माझी मुलगी इथलं नागरिकत्व घेऊन पुढच्या, २०२९ च्या, निवडणुकीत देईल. तिच्याशी यावरून बोलणं झालंय आमचं.

द्राक्षबाग | २ एप्रिल, दुपारी १२.३०

ताई, शेवटचा प्रश्न. भारताशी व्यापार करार व्हायचा तर त्यातही ही संसद लागते का? आणि समितीत द्राक्षाचं, औषधांचं बोलणं होतं ते आम्हाला इथून ऐकता येतं का?

चाफेकळी | २ एप्रिल, सायंकाळी ५.४०

लागते. व्यापार कराराला संसदेची संमती हवीच. शब्द बदलता येत नाहीत, हो किंवा नाही एवढंच. म्हणून तिथली व्यापार समिती बोलणी चालू असतानाच आपलं म्हणणं पुढे रेटत असते.

आणि हो, ऐकता येतं. सभागृहाचं आणि समित्यांच्या खुल्या बैठकांचं कामकाज संसदेच्या संकेतस्थळावर थेट दिसतं, भाषा निवडून. इंग्रजी लावा. पर्यावरण आणि कृषी या दोन समित्यांची कार्यक्रमपत्रिका बैठकीच्या काही दिवस आधी लागते, त्यात 'पेस्टिसाइड रेसिड्यू' शोधायचं.

द्राक्षबाग | २ एप्रिल, रात्री ८.०५

सोमवारपासून खरड छाटणीला माणसं येतायत, दिवसा जमणार नाही. उन्हाळ्यात त्यांचे दुपारचे तीन म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा ना? तेव्हा बसतो. वडिलांनाही सांगितलंय.